कचरा नसलेला कोपरा

"माती! माती! माती!" अनय पाय आपटत ओरडला. "उद्या वसुबारस, आणि आपल्या किल्ल्याला अजून तटबंदी नाही. खालच्या गल्लीचा रायगड उभा राहिला सुद्धा!"

"मग मी काय करू? डोक्यातून काढून देऊ का माती?" वल्लरी म्हणाली.

"दे ना! तुझ्याकडे भरपूर साठा आहे."

वल्लरीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. ती सातवीत होती, अनय पाचवीत. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि देवळापुढच्या पटांगणात जळोचीतल्या सगळ्या गल्ल्यांचे किल्ले रांगेने उभे राहत होते. यांच्या जागेवर मात्र नुसता विटांचा ढीग होता. पूर्वी इथे पावलोपावली शेतं होती म्हणे. आता जिकडे बघावं तिकडे बारामती वाढत आलेली. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटवर फरशा बसल्या. किल्ल्यापुरती माती मिळेना!

"आमच्या सणसरला उसाच्या बुडातली माती म्हणशील तेवढी," प्रतिक्षा म्हणाली. ती त्यांची मामेबहीण, वल्लरीच्याच वयाची. दिवाळीला आत्याकडे आली होती. "येताना पोतं भरून आणलं असतं. हितं तर माणसाला पाय मळवायची बी सोय न्हाय!"

"जुन्या डेपोवर जाऊ या!" वल्लरीला सुचलं. "तिथं मातीच माती पडलीय."

ओढ्यापलीकडच्या त्या डेपोवर कितीतरी वर्षं गावाचा कचरा पडत होता. आता तो बंद झाला होता. कचऱ्याच्या टेकड्यांवर मातीचा थर टाकून तिथे मोठी बाग व्हायची होती. चालायला रस्ता, झोपाळे आणि एक तळं! तळ्यात नावा! नावांचं ऐकल्यापासून अनय झोपेतसुद्धा वल्ही मारत होता.

तिघं रिकामी पोती आणि खुरपी घेऊन निघाली. टेकड्यांतून जागोजागी पाइप वर आले होते. आतला वायू बाहेर पडावा म्हणून. अनयने एकाला नाक लावलं आणि तीन कोलांट्या मारल्यासारखा मागे आला.

"सडक्या अंड्यांचं दुकान आहे आत!"

पहिल्या जागी खुरपं मारलं तर वीतभर मातीखाली प्लास्टिकची पिशवी निघाली. दुसऱ्या जागी कुणाची तरी चप्पल. तिसऱ्या जागी औषधाची बाटली. मुलं खणत खणत पार टोकाला, ओढ्याच्या अंगाच्या बाभळींपाशी पोचली. तिथे खुरपं लोण्यात जावं तसं गेलं.

"अगं बाई!" प्रतिक्षाने मूठभर माती उचलून बोटांतून सोडली. मऊ, तपकिरी, स्वच्छ! चिंधी नाही की काच नाही. वर चपटे काळे दगडही होते, गवतात जागोजागी बसवल्यासारखे.

"पायऱ्या! किल्ल्याच्या पायऱ्या!" अनय नाचायला लागला.

पोती भरली. दगड वर ठेवले. भरता भरता प्रतिक्षाच्या हाताला काहीतरी लागलं. काळे मणी होते, बारीक, मध्ये एक पांढरा. दोरा कुजून गेला होता. तिने ते रुमालात बांधून घेतले.

"ए! कोण रे तिकडं?"

धुरळा उडवत एक जीप आली. बागेचं काम घेतलेले विजयसिंहराव खाली उतरले. कपड्यांना परीटघडी, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. "त्या लाल झेंड्याच्या खुंट्यांना हात लावला तर याद राखा! आधीच कुणीतरी एकदा उपटून टाकल्या होत्या. तुम्हीच का रे?"

"नाही हो काका. आम्ही माती न्यायला आलोय, किल्ल्यासाठी."

"न्या, न्या. पाडव्यानंतर इथं जेसीबीच लागणार आहे. तळं खोदायचंय."

"काका, सगळीकडे कचरा आहे, मग इथंच का नाही?" वल्लरीने विचारलं.

"नशीब आमचं! दुसरं काय?" म्हणून विजयसिंहराव हसत जीपमध्ये चढले.

बाभळीखाली एक बाई बोअरच्या पाण्याने बाटल्या भरत होत्या. त्या मात्र हसल्या नाहीत. त्या श्रेयामॅडम. बाग करण्याआधी जागेची तपासणी करायला पुण्याहून येत होत्या.

"हाच प्रश्न मलाही पडलाय," त्या म्हणाल्या. "जमिनीत काय आहे, पाण्यात काय उतरतंय, हवेत काय मिसळतंय, हे सगळं मी तपासते. बागेमुळे कुणाचं काही नुकसान होणार नाही ना, तेही बघते. कचऱ्यावर तळं खोदता येत नाही, घाण पाण्यात उतरते. सगळ्या डेपोत हा एवढाच कोपरा स्वच्छ निघाला, म्हणून तळं इथं. पण तो स्वच्छ का राहिला, ते कुणी सांगेना. गावात विचारलं तर सगळे पायाकडे बघतात."

"मग आता?"

"धनत्रयोदशीला सकाळी देवळापुढं शेवटची बैठक आहे. कुणी काही बोललं तर ठीक. नाहीतर माझा अहवाल जाईल आणि काम सुरू होईल."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किल्ला झाला. काय किल्ला झाला! बुरूज, दरवाजा आणि त्या काळ्या दगडांच्या पायऱ्या थेट माथ्यापर्यंत. खालच्या गल्लीची पोरं येऊन गुपचूप बघून गेली.

ऊन उतरलं तेव्हा दगडाबाई शेळ्या घेऊन पटांगणातून चालल्या होत्या. ओढ्याकाठच्या वस्तीवरची ही म्हातारी सगळ्यांच्या ओळखीची. शेळ्यांना शिव्या आणि पोरांना बोरं द्यायची. किल्ल्यापुढे आल्या आणि त्यांचे पाय थांबले. मग त्या खालीच बसल्या.

"ही दगडं कुठनं आणली, लेकरांनो?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. म्हातारीने एका पायरीवर हात ठेवला, लहान मुलाच्या टाळूवर ठेवावा तसा अलगद.

"डेपोतून, आजी. ओढ्याकडच्या कोपऱ्यातून," वल्लरी म्हणाली.

प्रतिक्षाला काय वाटलं कोण जाणे, तिने रुमाल सोडून मणी पुढे केले. "हे बी तितंच घावलं."

दगडाबाईंनी मणी पदराच्या टोकाला बांधले. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला. "किल्ला लई झ्याक झालाय," त्या उठत म्हणाल्या. "माती ऱ्हाऊ द्या. दगडं तेवढी माघारी द्या, बाळांनो."

"कुणाला माघारी द्यायची?" अनयने विचारलं. पण दगडाबाई शेळ्यांमागे निघून गेल्या होत्या.

अनयने दोघींना जवळ ओढलं.

"काहीतरी गडबड आहे," अनय कुजबुजला. "खजिना असेल!"

"खजिन्यासाठी कुणी असं डोळ्यांत पाणी आणत नाही," वल्लरी म्हणाली.

संध्याकाळी घरोघरी वसुबारसेची गडबड होती. आई, म्हणजे विनया, शाळेत शिकवायची. तिचा आज उपास होता. ती ताट घेऊन शेजारच्या गोठ्यात गायवासराच्या पूजेला गेली. बाबा बँकेतून यायचे होते. मुलांनी दगड पोत्यात भरले आणि ओढा ओलांडला.

कोपऱ्यात कुणीतरी आधीच आलं होतं. मुलं मातीच्या ढिगाआड बसली. दगडाबाई गवतात वाकून पणती लावत होत्या. पणतीपुढे त्यांनी बाजरीच्या भाकरीचा चतकोर आणि गवारीची भाजी ठेवली. वसुबारसेला घराघरांत बायका हाच घास खाऊन उपास सोडतात. इथे घास होता, खाणारं कुणी नव्हतं.

एवढ्यात एका शेळीने ढिगाआड तोंड घालून अनयची टोपी ओढली.

"ओय! सोड! सोड की!"

"या बाहेर," दगडाबाई मागे न बघताच म्हणाल्या. "माझ्या शेळ्या चोर वळखत्यात."

मुलं खाली मान घालून पुढे आली.

"आम्ही चोर नाही, आजी. दगड परत आणलेत," वल्लरी म्हणाली. "ते कुणाचे आहेत?"

दगडाबाईंनी पणतीची वात सारखी केली. मग त्यांनी तिघांना जवळ बसवून घेतलं.

"मोठं माणूस गेलं की जाळत्यात. म्हैत हाय न्हवं? पर तान्हं लेकरू गेलं, बारसं बी न झालेलं, तर त्याला जाळत न्हाईत. मातीत ठिवत्यात. वर दगूड, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हून." त्यांनी हात फिरवला. "गावातली अशी समदी लेकरं हितं हायत. माझी दोन हायत."

अनयच्या हातातून टोपी गळून पडली. आपण कशाच्या पायऱ्या केल्या होत्या, ते वल्लरीला आता कळलं.

"त्यांची नावं काय होती?" प्रतिक्षाने हळूच विचारलं.

"नाव ठिवायला ऱ्हायली कुठं ती, पोरी? माझ्या आईची माझ्या आदीची तीन गेली. मग मी झाले तवा नाव ठिवलं दगडाबाई. दगडाला कोण नेतंय! मी ऱ्हायले. माझी न्हाय ऱ्हायली." त्या थोडं हसल्या. ते हसू बघवेना. "आज बाया जित्या लेकरांसाठी पूजा करत्यात. मी ह्यांच्यासाठी येते. ह्यांना कोण हाय?"

"त्यांच्या आया येत नाहीत?"

"आईला जागा सांगतच न्हाईत. बापय माणसं नेत्यात, ठिवून येत्यात. आईला कळलं तर ती तितनं उठायची न्हाय, म्हून. मी शेळ्या राखायची, म्हून मला दिसायचं."

"आजी, पाडव्यानंतर इथं जेसीबी लागणार आहे!" अनय रडवेला झाला.

"ठावं हाय. खुंट्या म्याच उपटल्या हुत्या. दुसऱ्या दिशी पुन्ना ठोकल्या."

"मग मॅडमना सांगा ना! त्या ऐकतील!"

"काय सांगू? कुणाच्या घरातलं दुःख हाय, ते चावडीवर मांडू? त्या बाया आता नांदत्यात, लेकरंबाळं हायत त्यांना. ज्याचं त्यानं गिळलंय." त्यांनी वल्लरीचा हात धरला. "तुमी बी माझं नाव घ्यायचं न्हाय. शपथ हाय."

मुलांनी शपथ घेतली. मग चौघांनी मिळून दगड परत ठेवले. कुठला कुठे होता ते मुलांना आठवेना. अनय रडायलाच लागला.

"रडू नगं," दगडाबाई म्हणाल्या. "ठिव कुठं बी. लेकरं काय भांडत्यात व्हय?"

तिघं घरी निघाली. ओढ्याशी आल्यावर प्रतिक्षा एकदम थांबली.

"नाव घ्यायचं न्हाय, असं म्हणल्या त्या. प्रश्न इचारायचा न्हाय, असं कुठं म्हणल्या?"

"बैठकीत आपल्याला कोण विचारू देणार?" वल्लरी म्हणाली. "विजयसिंहकाका कान धरून बाहेर काढतील."

"पण किल्ल्यांची बक्षिसं कोण देणार आहे?" अनयने नाक पुसलं. "विजयसिंहकाका! बैठकीच्या आधी! प्रत्येक किल्ल्यापुढं उभं राहून माहिती ऐकायचीच आहे त्यांना."

तिघांचे डोळे चमकले. पण पुढची गोष्ट करायला जीव होईना. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तिघांनी आपला किल्ला पाडला. अनयने डोळे मिटून पहिली लाथ घातली.

ऊन अंगणात आलं तसं पटांगण भरलं. बाया रांगोळीचे हात घेऊन आल्या, पुरुष कट्ट्यावर बसले. श्रेयामॅडमही आल्या. विजयसिंहराव रायगड बघून "वा!" म्हणाले, सिंहगड बघून "वावा!" म्हणाले आणि या तिघांपुढे येऊन थबकले.

तिथे किल्ला नव्हता. मातीच्या टेकड्या होत्या. त्यांत चॉकलेटचे कागद, पिशव्यांचे तुकडे खोचले होते. शीतपेयाच्या नळ्या पाइपांसारख्या वर आल्या होत्या. कडेला ओढा. आणि ओढ्याकाठचा एक कोपरा, नुसत्या स्वच्छ मातीचा.

"हे रे काय? कुठला किल्ला हा?"

"हा आपला डेपो आहे, काका," वल्लरी म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांपर्यंत पोचला. "आमचा किल्ला नाही, आमचा एक प्रश्न आहे. गावाचा कचरा सगळीकडे पडला. या कोपऱ्यात का नाही पडला?"

"झालं का पुन्हा तुमचं? मोठ्यांच्या कामात..."

"थांबा," श्रेयामॅडम पुढे आल्या. "मलाही उत्तर हवंय. इतकी वर्षं ट्रॉल्या येत होत्या. कुणीच कधी इथं ट्रॉली रिकामी केली नाही. का?"

कट्ट्यावरची माणसं पायांकडे बघू लागली. वल्लरीचे बाबा, आनंदराव, तेही. वल्लरीच्या मनात आलं, म्हणजे यांना सगळ्यांना माहीत आहे! सगळ्यांना!

"हिंदुरावतात्या," अनय एकदम ओरडला, "ट्रॅक्टर तुम्हीच चालवत होता ना?"

हिंदुराव म्हणजे गावाच्या कचऱ्याचा ट्रॅक्टर जन्मभर चालवलेला माणूस. पोरांनी नाव घेताच त्यांनी पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला.

"व्हय, मीच," ते म्हणाले. "कामावर लागलो त्याच दिशी म्हाताऱ्या मुकादमानं सांगितलं. बाभळीकडं ट्रॉली न्यायची न्हाय. मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगितलं. पावसात चाकं रुतली, डेपो भरून सांडला, तरी तिकडं कुणी गेलं न्हाय."

"पण का, तात्या?" मॅडमनी विचारलं. "मी तुम्हालाच विचारलं होतं ना, काही आहे का म्हणून?"

"तुमी इचारलं, देऊळ हाय का, दर्गा हाय का, मसणवट हाय का. त्यातलं काय बी न्हाय म्हून मी न्हाय म्हणलं. खोटं न्हाय बोललो." हिंदुरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. "तितं लेकरं हायत, म्याडम. तान्ही. आमी स्वच्छ ठिवलं त्येंच्यासाठी. आन् आता स्वच्छ हाय म्हून तितंच खणायचं ठरलं. गप ऱ्हाऊन आमीच घात केला."

विजयसिंहराव खाकरले. "तात्या, हे जुनं झालं. आता कुणाचं कोण आहे तिथं, काय पुरावा? कुणी पुढं येऊन सांगेल का, माझं आहे म्हणून?"

मग मागे काठीचा आवाज झाला.

"माझी दोन हायत," दगडाबाई म्हणाल्या.

मग बायकांच्या घोळक्यातून बानूबाई उठल्या. "माझं एक." त्यांची सून त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला हे कधीच ठाऊक नव्हतं.

"माझंही एक आहे."

हा आवाज वल्लरीच्या ओळखीचा होता. इतका ओळखीचा की क्षणभर तिला तो कुणाचा तेच कळेना. तिने वळून पाहिलं. आई उभी होती. पाठ ताठ, वर्गात उभी राहते तशी. फक्त हातातलं रांगोळीचं भांडं वाकडं झालं होतं आणि पांढरी रेघ तिच्या पायांवर सांडत होती.

आनंदराव कट्ट्यावरून उतरले आणि येऊन तिच्याशेजारी उभे राहिले.

विजयसिंहरावांनी टोपी काढली. "मला कुणी सांगितलंच नाही हो," ते पुटपुटले. "मीही विचारलं नाही म्हणा. नशीब म्हणून मोकळा झालो."

श्रेयामॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "तिथं खोदकाम होणार नाही," त्या म्हणाल्या. "अहवालात तसंच लिहीन. बाकी सगळीकडे खाली कचरा आहे, त्यामुळे बागेत तळं करता येणार नाही. चालेल?"

सगळ्यांनी अनयकडे पाहिलं. का कुणास ठाऊक, पण पाहिलं. त्याचा खालचा ओठ हलला.

"नको तळं," तो म्हणाला.

त्या कोपऱ्याला फक्त कुंपण घालायचं, कडेने कडुलिंब लावायचे, असं ठरलं. पाटी लावू का, असं मॅडमनी विचारलं, तर बायकांनी मान हलवली. नको. पाटीवर लिहायला नावं तरी कुठे होती?

बक्षीस रायगडाला मिळालं. हिंदुराव या तिघांपाशी आले. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाबास म्हणायची बी लाज वाटतीया, पोरांनो. आमचं काम तुमी केलं. पर शाबास."

दुपारी दगडाबाई घरी आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. "चल विनया," एवढंच म्हणाल्या.

आईने चपला घातल्या. मुलंही निघाली, तिने नको म्हटलं नाही. ओढा ओलांडला. लाल झेंड्याच्या खुंट्या कुणीतरी काढून एका बाजूला रचून ठेवल्या होत्या. आई गवताच्या कडेला थांबली. पाय पुढे टाकेना.

"मला एवढंच सांगितलं होतं, ओढ्यापलीकडं," ती म्हणाली. "किती वेळा बसमधून जाताना मी या कचऱ्याच्या ढिगांकडे बघितलंय. वाटायचं, त्याच्याखाली..."

"कचऱ्याखाली न्हाय गं माझी बाई," दगडाबाईंनी तिचा हात धरून पुढे नेलं. दोन बाभळींच्या मध्ये थांबल्या. "हितं. तुझा सासरा आला हुता घिऊन. ठिवल्यावर गेला न्हाय. अंधार पडस्तवर बसला हुता. माझ्या शेळ्या घरला गेल्या तरी बसलाच हुता."

आई खाली बसली. तिने गवत हाताने सारखं केलं. रडली नाही. पुन्हा पुन्हा सारखं करत राहिली.

वल्लरी आईला चिकटून बसली. मग तिने विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"मुलगी. तुझ्याआधीची."

"म्हणजे मला ताई होती!"

"हो."

अनय उभाच होता. त्याने एक बोट दुमडलं, मग दुसरं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "म्हणजे मी दुसरा नाहीच, आई! मी तिसरा आहे!"

आईने त्याच्याकडे पाहिलं. बारसं न झालेल्या त्या पोरीला आज पहिल्यांदा कुणीतरी भावंडांत धरलं होतं.

"हो रे राजा," ती म्हणाली, "तू तिसरा." आणि मग तिला रडू आलं.